केरळात ७५, छत्तीसगडात ६५ : राज्याराज्यांतल्या आयुर्मानाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयुर्मानाचे नवे आकडे आले की दोन-चार दिवस व्हॉट्सॲपवर त्यांचा नुसता धुरळा उडतो. कुणी केरळचं खोबरेल तेल पुढे करतं, कुणी हिमाचलची हवा, कुणी 'आपल्या पूर्वजांची शंभरी' काढतं. आरोग्याच्या आकडेवारीवर बोलायला गेलो की व्याख्यान संपल्यावर चहाच्या कपाशी तेच ते प्रश्न येतात. म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवतोय.

आधी एक खुलासा. खाली आयुर्मानाचा आकडा जिथे येईल तिथे, वेगळं सांगितलं नसेल तर, तो सरकारच्या नमुना नोंदणी योजनेच्या २०१४-१८ च्या तक्त्यातला आहे. याहून नवे तक्ते आहेत, पण २०१६-२० पासूनच्या तक्त्यांत कोविडची वर्षं मिसळलेली आहेत. दोन राज्यांची तुलना करायची तर आकडे एकाच तक्त्यातले हवेत. एका राज्याचा २०१२ चा आणि दुसऱ्याचा २०२० चा आकडा शेजारी ठेवून भांडणारे लोक मी पाहिलेत.

फरक नेमका किती आहे?

देशाचं आयुर्मान ६९.४ वर्षं. वरच्या टोकाला केरळ, ७५ च्या किंचित वर. खालच्या टोकाला छत्तीसगड ६५.२ आणि उत्तर प्रदेश ६५.३. म्हणजे एकाच देशात, एकाच राज्यघटनेखाली दहा वर्षांचा फरक. जम्मू-काश्मीर ७४.०, हिमाचल ७२.९, महाराष्ट्र ७२.५. खालच्या बाजूला आसाम ६६.९ आणि मध्य प्रदेश ६६.५.

शहर आणि खेडं असं पाहिलं तर देशभरात शहरी ७२.६, ग्रामीण ६८.०. राज्य, गाव-शहर आणि स्त्री-पुरुष हे तिन्ही भेद एकत्र केले की दरी आणखी रुंदावते. हिमाचलमधल्या शहरी बायकांचा आकडा नंतरच्या तक्त्यांत ८० च्या वर गेलेला दिसतो, तर छत्तीसगडच्या खेड्यातल्या पुरुषांचा ६३ च्या आसपास घुटमळतो.

आयुर्मान ६५ म्हणजे तिथली माणसं पासष्टीला जातात का?

नाही. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, तेव्हा जरा सावकाश बघू.

एका वाडीत दहा बाळं जन्मली असं समजा. त्यातलं एक पहिल्याच आठवड्यात गेलं आणि उरलेली नऊ प्रत्येकी ७५ वर्षं जगली. एकूण वर्षं झाली ६७५. दहाने भागलं की सरासरी ६७.५. त्या वाडीत साडेसदुसष्टाव्या वर्षी कुणीही मेलेलं नाही. शेजारच्या वाडीत दहातली दोन बाळं गेली आणि आठ जण तेवढीच ७५ वर्षं जगले, तर सरासरी थेट ६० वर येते. दोन्ही वाड्यांच्या पारावर बसलेली म्हातारी माणसं सारख्याच वयाची. फरक पाळण्यात पडला, पारावर नाही.

दुसरी गोष्ट, हा आकडा भविष्य सांगत नाही. आज एक वर्षाच्या, पाच वर्षांच्या, चाळीस वर्षांच्या माणसांत मृत्यूचं जे प्रमाण आहे, तेच आज जन्मलेल्या बाळाला जन्मभर लागू राहिलं तर ते सरासरी किती जगेल, एवढंच तो सांगतो. परिस्थिती सुधारली तर ते बाळ जास्त जगेल. त्यामुळे 'आयुर्मान' हा शब्द पत्रिकेतल्या आयुष्ययोगासारखा वाचू नका.

मग उत्तर प्रदेशात साठीला निवृत्त झालेल्या माणसाने पेन्शन पाचच वर्षं घ्यायची का?

हा प्रश्न मला खरोखरच एका निवृत्त गृहस्थांनी विचारला होता, आणि ते थट्टा करत नव्हते. साठीपर्यंत पोहोचलेला माणूस बालपणातले, तारुण्यातले सगळे धोके पार करून आलेला असतो. त्याच्यासाठी वेगळा आकडा असतो : साठाव्या वर्षी उरलेलं आयुष्य. देशाची सरासरी सुमारे १८ वर्षं आहे, म्हणजे अठ्ठ्याहत्तरीपर्यंतचा हिशेब. राज्याराज्यांतला फरक इथेही आहे, पण जन्माच्या वेळी असतो त्याहून बराच कमी. केरळचा आणि उत्तर प्रदेशचा म्हातारा एकमेकांच्या फार लांब नाहीत.

बाळांच्या मृत्यूंनी खरंच एवढा फरक पडतो?

पडतो. २०२० साली देशात दर हजार जिवंत जन्मांमागे २८ बाळं वर्षाच्या आत गेली. केरळात ६, महाराष्ट्रात १६, उत्तर प्रदेश आणि छत्तीसगडात ३८, मध्य प्रदेशात ४३. आयुर्मानाची यादी आणि ही यादी शेजारी ठेवा, फारशी उलथापालथ दिसणार नाही.

देशातल्या त्या २८ पैकी २० बाळं पहिल्या महिन्यातच गेलेली होती, आणि त्यातलीही १५ पहिल्या आठवड्यात. आपल्याकडे पाचव्या दिवशी पाचवी पुजतात. त्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर नशीब लिहून जाते म्हणतात, म्हणून पाट मांडून कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. नाव ठेवायचं ते बाराव्याला. ज्या बायकांनी ही रीत घातली त्यांना तक्ते वाचायची गरज नव्हती. कोणत्या रात्री जागं राहायचं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

बाळ का जातं? जन्मतः न रडल्यामुळे म्हणजे श्वास न घेतल्यामुळे, जंतुसंसर्गाने, कमी वजनामुळे, दिवसांआधी जन्मल्यामुळे, आणि थंडीने. हो, थंडीने. दोन किलोचं बाळ आंघोळ घालून ओल्या फडक्यात ठेवलं तर मे महिन्यातही गारठतं. यातल्या बहुतेक गोष्टींना मोठं इस्पितळ लागत नाही. वेळेवर पोहोचणारं शिकलेलं माणूस लागतं.

आईचंही तसंच. २०१८-२० मध्ये दर लाख जिवंत जन्मांमागे केरळात १९ माता दगावल्या, महाराष्ट्रात ३३, उत्तर प्रदेशात १६७ आणि आसामात १९५. केरळ आणि आसाम यांच्यात दहापट फरक. इतका फरक दुसऱ्या कुठल्या आकड्यात क्वचितच सापडेल.

केरळने असं काय केलं?

एका सरकारने एका योजनेत केलेलं हे काम नाही. १८१७ साली त्रावणकोरच्या राणी गौरी पार्वती बाई यांनी शिक्षणाचा खर्च राज्याने करावा असा हुकूम काढला. १८७९ मध्ये त्याच संस्थानाने सरकारी नोकर, कैदी आणि विद्यार्थी यांना देवीची लस सक्तीची केली. मिशनऱ्यांच्या शाळा, समाजसुधारक श्रीनारायण गुरूंच्या चळवळीने खालच्या मानलेल्या जातींत आणलेलं शिक्षण, मग १९५७ नंतरच्या सरकारांनी केलेल्या जमीन सुधारणा आणि गावोगावची आरोग्य केंद्रं, असे एकावर एक थर चढत गेले.

मला यातली सर्वांत बोलकी गोष्ट मलबारची वाटते. केरळचा उत्तर भाग ब्रिटिशांच्या मद्रास इलाख्यात होता आणि शिक्षण-आरोग्यात त्रावणकोरच्या बराच मागे होता. १९५६ मध्ये राज्य एक झालं आणि पुढच्या दोन-तीन दशकांत मलबारने बरंचसं अंतर भरून काढलं. माणसं तीच, हवा तीच, खोबरेल तेलही तेच. बदलला तो कारभार.

मुलगी शिकली की लग्न उशिरा होतं, बाळंतपणं कमी आणि अंतराने होतात, ताप आला की ती अंगाऱ्याची वाट बघत बसत नाही. शिवाय दवाखाना बंद असेल तर शिकलेली बाई आरडाओरडा करते. हा शेवटचा मुद्दा पुस्तकांत कमी येतो, पण केरळात आरोग्य केंद्रात डॉक्टर नसला की गाव गप्प बसत नाही, हे तिथे राहिलेला कुणीही सांगेल.

आता केरळची डोकेदुखी वेगळी आहे : मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, आणि एकटी पडलेली म्हातारी माणसं. मुलं आखातात, घराला मार्बल, आत दोन म्हातारे.

श्रीमंत राज्यात माणूस जास्त जगतो, एवढं साधं गणित नाही का?

असतं तर गुजरात आणि हरियाणा यादीत कुठल्या कुठे असते. गुजरात ६९.९, हरियाणा ६९.८, म्हणजे दोघंही देशाच्या सरासरीला टेकलेले. कारखाने, ट्रॅक्टर, दूधदुभतं, काही कमी नाही. २०२० मध्ये हरियाणाचा अर्भकमृत्यूदर, म्हणजे हजारी वर्षाच्या आत जाणाऱ्या बाळांचा आकडा, देशाइतकाच, २८ होता. तिकडे केरळ सत्तरच्या दशकात देशाच्या सरासरीपेक्षा गरीब असतानाही आयुर्मानात पहिला होता.

पैशाचा उपयोग होतो, नाही असं नाही. मात्र तो गावातल्या नर्सपर्यंत, नळाच्या पाण्यापर्यंत, मुलीच्या शाळेपर्यंत पोहोचला तर. बंगल्याच्या कंपाउंडपर्यंतच पोहोचला तर तक्त्यात त्याचा पत्ता लागत नाही.

दिल्लीची हवा इतकी घाण, तरी तिथलं आयुर्मान वर कसं?

२०१५-१९ च्या तक्त्यात दिल्ली ७५.९ आणि केरळ ७५.२ होतं, तेव्हापासून हा प्रश्न हमखास येतो. दिल्ली हे राज्य म्हणून मोजलं जात असलं तरी ते जवळजवळ अख्खं शहर आहे. त्याची तुलना उत्तर प्रदेशशी करण्यापेक्षा मुंबईशी करणं बरं. बाळंतपण, अपघात, हृदयविकार, कशालाही तासाभरात इस्पितळ गाठता येतं.

यावरून धूर आणि धूळ सोसून घेता येते असा अर्थ काढू नका. घाण हवेने आयुष्य कमी होतंच. हवा स्वच्छ असती तर दिल्लीचा आकडा याहून वर असता. एका बाजूने वाढ आणि दुसऱ्या बाजूने घट, आणि तक्त्यात दिसते फक्त गोळाबेरीज.

बिहार उत्तर प्रदेशच्या वर कसा? काहीतरी चुकतंय.

बिहार ६९.१, म्हणजे देशाच्या सरासरीला जवळजवळ लागून. भल्याभल्यांना हे पचत नाही. पण २०२० चा अर्भकमृत्यूदर पाहा : बिहार २७, उत्तर प्रदेश ३८. गरिबी दोघांच्याही पाचवीला पुजलेली, तरी बाळं जगवण्यात बिहार पुढे आहे. त्याचं श्रेय द्यायला आपली जीभ अडखळते, हा आपला दोष.

बिहार आणि झारखंडमध्ये एक विचित्र गोष्ट मात्र आहे. तिथे पुरुषांचं आयुर्मान बायकांपेक्षा किंचित जास्त आलंय. जगात जवळजवळ सगळीकडे बाई पुरुषापेक्षा जास्त जगते. जिथे तसं होत नाही तिथे मुलीच्या ताटात काय पडतं आणि ती आजारी पडल्यावर दवाखान्यात किती लवकर नेतात, हे विचारायला हवं.

आणि महाराष्ट्र?

७२.५. चांगला आकडा आहे, पण त्यात मुंबई-पुणेही आले आणि नंदुरबार-गडचिरोलीही आले. जिल्ह्याचं आयुर्मान या तक्त्यांत मिळत नाही, कारण नमुना तेवढा मोठा नसतो. त्यामुळे धडगावची बाई आणि डोंबिवलीची बाई एकाच आकड्यात गुंडाळल्या जातात.

तरी दोन ठिकाणांबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाववत नाही.

पहिलं गडचिरोली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९८८ मध्ये तिथल्या गावांत मोजणी केली तेव्हा हजारी १२१ बाळं वर्षाच्या आत जात होती. रस्ते नाहीत, पावसाळ्यात नाले भरलेले, इस्पितळ लांब. मग त्यांनी गावातल्याच बायकांना शिकवलं : न रडणाऱ्या बाळाला श्वास कसा द्यायचा, ऊब कशी द्यायची, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा आणि इंजेक्शन कसं द्यायचं. न्यूमोनिया ओळखायला बाळाचे श्वास मोजावे लागतात, पण गावातल्या दाईला मोठे आकडे मोजता येत नसत. तिच्यासाठी मणी आणि वाळूचं घड्याळ असलेलं साधन बनवलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत ठरलेला शेवटचा मणी सरकला की बाळ धोक्यात. हे काम झालेल्या ३९ गावांत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आज देशभरातली आशाताई बाळाच्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते, त्या पद्धतीचा उगम इथला आहे. त्याच्याही आधी, १९७० पासून, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडमध्ये गावातल्या, बऱ्याचदा निरक्षर बायकांना हाताशी धरून हाच रस्ता पाडला होता.

दुसरं कोकण. आयुर्मानातला फरक कधीकधी अगदी स्थानिक कारणाने पडतो. कोकणातला लाल विंचू चावला की माणूस घामाने भिजायचा, छातीत पाणी व्हायचं आणि गंभीर झालेल्या रुग्णांतले शंभरात तीस-चाळीस दगावायचे. बहुतेक मुलं आणि भातशेतीत राबणारी तरणी माणसं. डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. रक्तदाबावरचं प्राझोसिन हे साधं, स्वस्त औषध या विषावर लागू पडतं हे त्यांनी दाखवलं आणि मृत्यूचं प्रमाण एक-दोन टक्क्यांवर आलं. सर्पदंशाची गोष्ट अजून अशी सुटलेली नाही. २००० ते २०१९ या काळात देशात दरवर्षी सरासरी ५८,००० माणसं त्याने गेली असा अंदाज आहे, आणि ती प्रामुख्याने खेड्यातली.

यादीत गोवा का दिसत नाही?

कारण हे तक्ते फक्त मोठ्या राज्यांचे निघतात. गोव्याची लोकसंख्या कमी, म्हणून नमुन्यातले मृत्यूही कमी, आणि थोड्या मृत्यूंवरून आयुर्मान काढलं तर एका वर्षी वर, दुसऱ्या वर्षी खाली असं डोलत राहतं. ईशान्येतली आसाम सोडून बाकीची राज्यंही याच कारणाने गायब आहेत.

गोवेकरांना वाईट वाटायचं कारण नाही. मृत्यूचं वैद्यकीय कारण लिहिण्यात गोवा देशात आघाडीवर आहे. २०२० मध्ये तिथल्या नोंदवलेल्या प्रत्येक मृत्यूचं कारण प्रमाणित झालेलं होतं. देशभरात हे प्रमाण जेमतेम २२-२३ टक्के.

बायका जास्त जगतात, तर किती?

देशात पुरुष ६८.२, स्त्रिया ७०.७. केरळात पुरुष ७२.५ आणि स्त्रिया जवळजवळ ७८, म्हणजे पाच वर्षांहून जास्त अंतर. बाळंतपणातले मृत्यू थांबले की बायकांचं आयुष्य झपाट्याने वाढतं आणि पुरुषांची विडी, दारू, मोटरसायकल उघडी पडते.

एकाच राज्यात जातीप्रमाणे फरक पडतो का?

पडतो. २०१०-११ च्या वार्षिक आरोग्य सर्वेक्षणातल्या नऊ राज्यांच्या माहितीवर झालेल्या अभ्यासात, सवर्ण हिंदूंच्या तुलनेत आदिवासींचं आयुर्मान चार वर्षांहून जास्त आणि दलितांचं तीन वर्षांहून जास्त कमी निघालं. मुसलमानांचं साधारण एका वर्षाने कमी. 'ते गरीब असतात म्हणून' हे उत्तर पुरत नाही. घरची सांपत्तिक स्थिती हिशेबात धरली तरी निम्म्याहून जास्त फरक शिल्लक राहतो. छत्तीसगड तळाशी का, याचं उत्तर शोधताना तिथली जवळजवळ एकतृतीयांश लोकसंख्या आदिवासी आहे आणि विखुरलेल्या पाड्यांवर राहते, हे विसरून चालणार नाही.

गोवंडीत आयुष्य ३९ वर्षांचं आहे, हे खरं?

२००९ च्या मुंबई मानव विकास अहवालापासून गोवंडी ज्यात येते त्या महापालिकेच्या एम-पूर्व विभागाला हा आकडा चिकटलाय. असले आकडे वाचताना एक शंका नेहमी घ्यावी : हे आयुर्मान आहे की मेलेल्यांच्या वयाची सरासरी? दोन्ही एक नव्हेत. वृद्धाश्रमात मरणाऱ्यांचं सरासरी वय ८२ निघेल, कॉलेजच्या वसतिगृहात २०. म्हणून वसतिगृह सोडून सगळ्यांनी वृद्धाश्रमात राहायला जावं का? ज्या वस्तीत लहान मुलं आणि तरुण जास्त, म्हातारे कमी, तिथे मेलेल्यांचं सरासरी वय आपोआप खाली येतं.

म्हणून गोवंडी सुखात आहे असं नाही. शेजारी देवनारचा कचऱ्याचा डोंगर, दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसं, आणि क्षयरोगाने घर केलेलं. परिस्थिती वाईट आहे हे सांगायला चुकीच्या आकड्याची गरज नाही.

हे आकडे काढतं कोण? आमच्या घरी तर कुणी विचारायला आलं नाही.

महानिबंधकांच्या कार्यालयाची नमुना नोंदणी योजना आहे, तिला सगळे एसआरएस म्हणतात. साठच्या दशकाच्या मध्याला चाचणी आणि १९७० च्या सुमाराला देशभर सुरुवात. गावांचे आणि शहरी भागांचे साधारण ८,८५० तुकडे निवडलेले असतात. प्रत्येकात स्थानिक माणूस, बहुतेकदा शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका, जन्म-मृत्यू टिपत राहतो. दर सहा महिन्यांनी दुसराच माणूस येतो आणि पहिल्याची वही न बघता घरोघरी विचारतो. मग दोन्ही याद्या ताडतात. जे जुळत नाही त्यासाठी पुन्हा त्या घरी जाऊन खात्री करतात. आयुर्मानासाठी पाच वर्षांची माहिती एकत्र करतात, म्हणून '२०१४-१८' असं जोडसाल.

नोंदणी कार्यालयातल्या दाखल्यांवरून हा आकडा काढता येत नाही, कारण बऱ्याच राज्यांत अनेक मृत्यूंची नोंदच होत नाही. ज्या राज्यात नोंद कमी तिथे माणसं कमी मरतात असा निष्कर्ष निघायचा.

दरी कमी होतेय की वाढतेय?

कमी होतेय. १९७०-७५ मध्ये केरळ ६२.० आणि उत्तर प्रदेश ४३.० होतं, म्हणजे १९ वर्षांचा फरक. आता दहा. उत्तर प्रदेशाने बावीस वर्षं मिळवली, केरळाने तेरा. देशाचं आयुर्मान तेव्हा ४९.७ होतं, आणि स्वातंत्र्याच्या सुमाराला ३२. त्याआधी १९१८ च्या मानमोडीच्या (इन्फ्लुएन्झाच्या) साथीच्या दशकात तर ते २० च्या आसपास कोसळलं होतं.

अलीकडचा मोठा बदल म्हणजे दवाखान्यातली बाळंतपणं. २००५-०६ मध्ये ३९ टक्के, २०१९-२१ मध्ये ८९ टक्के. २०१६-२० च्या तक्त्यात देशाने ७० गाठलं, मग कोविडने थोडं मागे ओढलं आणि २०१९-२३ मध्ये ते ७०.३ झालं.

मी गोरखपूरहून पुण्याला राहायला आलो. माझी वर्षं वाढली का?

तुमची फारशी नाहीत. मूळ राज्यातला सर्वांत धोक्याचा काळ, म्हणजे पहिली पाच वर्षं, तुम्ही आधीच ओलांडली आहेत. तुमच्या मुलाचा जन्म पुण्यात झाला असेल तर त्याची वाढली, असं म्हणता येईल. अर्थात तुम्ही बांधकामावर असाल आणि पत्र्याच्या शेडमध्ये राहत असाल तर पुण्याच्या सरासरीचा तुम्हाला काय उपयोग?

दुसऱ्या मोठ्या देशांत असं असतं का?

असतं. अमेरिकेत २०२१ मध्ये हवाई ७९.९ आणि मिसिसिपी ७०.९. चीनमध्ये २०२० मध्ये शांघाय-बीजिंग ८२ च्या वर आणि तिबेट ७२. गंमत अशी की अमेरिकेतला फरक मुख्यतः बाळांमुळे पडत नाही. तिथे मधल्या वयातली माणसं हृदयविकार, मधुमेह, अमली पदार्थ आणि बंदुकीने जातात. फरक आपल्याइतकाच, दुखणं निराळं.

पूर्वीची माणसं शंभर-शंभर वर्षं जगायची, ते काय मग?

काही जगायची, आजही जगतात. पण आमच्या आजीचं जन्मसाल घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. 'मोठ्या साथीनंतर दोन पावसाळ्यांनी' एवढीच खूण. रेशनकार्डावर एक वय, मतदार यादीत दुसरं, आणि गेली तेव्हा दाखल्यावर लिहिलं ९०, कारण काकांनी तेवढं सांगितलं. जुन्या नोंदींत माणसं ६०, ७०, ८० अशा गोल वयातच का मरतात ते यावरून कळेल. शिवाय तिची भावंडं एकूण नऊ, मोठी झाली चार. उरलेल्या पाचांची नावंसुद्धा तिला धड आठवत नसत, आणि शंभरीच्या गप्पांत त्यांना कुणी मोजत नाही.

घरी मृत्यू झाला तर नोंद कशी करायची?

२१ दिवसांच्या आत. १९६९ च्या कायद्याने ती बंधनकारक आहे. खेड्यात ग्रामपंचायतीत, शहरात नगरपालिकेच्या किंवा महापालिकेच्या कार्यालयात. मृत्यूच्या आजारात डॉक्टरांनी उपचार केले असतील तर त्यांच्याकडून कारणाचा फॉर्म भरून घ्या आणि त्यात नुसतं 'हृदयक्रिया बंद पडून' लिहिलं असेल तर अदबीने विचारा की डॉक्टरसाहेब, ती कशामुळे बंद पडली. हृदय सगळ्यांचंच शेवटी बंद पडतं. वय सांगताना अंदाज ठोकू नका, शाळेचा दाखला शोधा. आणि जन्मून काही तासांत गेलेल्या बाळाच्या दोन्ही नोंदी करा, आधी जन्माची, मग मृत्यूची. दुःखात घरचे ते टाळतात आणि नाव ठेवलेलं नसतं म्हणून अडतातही. नावाची जागा कोरी ठेवून नोंद होते.